वारा, भरती आणि तेल
आपल्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या शक्तीचा इतिहास

ह्या ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाच्या बांधणीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि शाळेचा वृत्तान्त इतर लेखांतून आलेला आहे. त्याची पुनरुक्ति येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या हातांनीं देवळास दगड आणि चुना वाहिला ते हात एरवीं जाळें ओढणारे होते, आणि वर्गणीच्या वहींतील बहुतेक रुपये समुद्रांतून आलेले होते. समुद्रांतून मासळी बाहेर काढावयाची तर शक्ति लागते. ती शक्ति पूर्वीं कोठून येत असे, आज कोठून येते आणि तिची किंमत कोण भरतो, हा इतिहासही आपल्याच लोकांचा इतिहास होय. हल्लीं घरें आशीर्वादण्यास जावें तर दहांपैकीं आठ घरीं डिझेलचा विषय निघतो. ही पाळी कशी आली हें पाहण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

वसईपासून उत्तन-गोराईपर्यंतच्या कोळ्यांचीं पूर्वीं तीन इंधनें होतीं, आणि तिन्हीं विकत घ्यावीं लागत नसत : वारा, भरती-ओहोटी आणि ऊन.

वाऱ्याची गोष्ट प्रथम सांगतों. पावसाळा सरल्यावर, शांत दिवसांत, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दुपार झाली कीं समुद्राकडून खारा वारा येतो. मतलईवर मचवा बाहेर काढावा व खाऱ्या वाऱ्यावर घरीं यावें, अशी जाण्यायेण्याची सोय सृष्टिकर्त्यानेंच लावून ठेविली होती. वारा पडला म्हणजे मात्र वल्हीं. सहा-सात मैल वल्हवून आलेल्या माणसाचे तळहात ज्यानें पाहिले आहेत तो 'फुकट' हा शब्द जपूनच वापरील. मार्काच्या शुभवर्तमानांत उलट्या वाऱ्यापुढें वल्हीं मारतां मारतां शिष्य बेजार झाल्याचें सांगितलें आहे. तो प्रसंग शहरांतील श्रोत्यांस समजावून द्यावा लागतो. आपल्या देवळांत लागत नाहीं.

दुसरी शक्ति भरती-ओहोटीची. हिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण आपल्या किनाऱ्याचें खरें वैशिष्ट्य हेंच आहे. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत समुद्राचें पाणी चार-पांच मीटर चढतें-उतरतें. उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसें तें आणखी वाढतें, दक्षिणेस रत्नागिरीकडे कमी होतें. एवढें पाणी सुमारें सहा तासांत आंत यावयाचें आणि पुढील सहा तासांत बाहेर जावयाचें, म्हणजे त्यास विलक्षण ओढ असलीच पाहिजे. ह्या ओढीवर डोल जाळें उभें आहे. समुद्राच्या तळांत खुंट रोवून त्यांस जाळें बांधावयाचें, त्याचें विस्तीर्ण तोंड प्रवाहाकडे उघडें ठेवावयाचें, आणि वाट पाहावयाची. पाणी जाळ्यांतून वाहत जातें. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या मागच्या खोळींत सांचत जातात. पाणी थबकलें म्हणजे जाळें वर घ्यावयाचें. ट्रॉलर जाळ्यास पाण्यांतून ओढून नेतो. डोलींत जाळें जागच्या जागीं राहतें व पाणीच त्यांतून जातें. काम एकच, पण तेथें तें तेल करितें आणि येथें चंद्रसूर्याचें आकर्षण.

म्हणून आपल्या घरोघरच्या आजीबाईंना तिथि पाठ असत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत डोल चांगली चालावयाची. अष्टमीच्या सुमारास भांग आला म्हणजे पाणी मंदावयाचें आणि जाळीं विणण्याचीं कामें घरांत निघावयाचीं. ख्रिस्ती झालेल्या कोळ्याचे सण बदलले, चंद्र बदलला नाहीं. आपला पुनरुत्थानाचा सणसुद्धां पौर्णिमेवरूनच ठरतो, हें येथें सहज आठवलें.

तिसरी शक्ति उन्हाची. बर्फाच्या कारखान्यास किती वीज लागते हा प्रश्न तेव्हां कोणापुढें नव्हता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगावयाचे, जवळा खळ्यांत पसरावयाचा, आणि वाळलेला माल पावसाळ्याच्या बाजारासाठीं राखून ठेवावयाचा, हें सर्व स्त्रियांचें राज्य होतें. पुरुषांचें श्रेय गाणारे पुष्कळ आहेत. पण मासळी टिकविण्याचें काम ह्या किनाऱ्यावर बायकांनीं आणि सूर्यानें मिळून केलें आहे.

आतां थोडें दूर जावें लागेल, कारण आज आपल्या बोटींच्या पोटांत जें यंत्र आहे त्याची वंशावळ येथली नव्हे.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओढजाळ्याची, म्हणजे ट्रॉलची, मासेमारी वाफेच्या पूर्वींही होती. ब्रिक्सहॅम बंदरांतील शिडाच्या नावा वाऱ्याच्या व भरतीच्या जोरावर तळावरून जाळें ओढीत. जाळ्याचा आकार अर्थात् वाऱ्यानें ओढवेल इतकाच. इ. स. १८७७ सालीं नॉर्थ शील्ड्स येथील विल्यम पर्डी नांवाच्या गृहस्थानें 'मेसेंजर' ह्या चाकाच्या आगबोटीस जाळें बांधून पाहिलें. ती बोट मोठ्या जहाजांना ओढून बंदरांत आणण्याच्या कामाची. धंदा मंद होता म्हणून त्यानें हा प्रयोग केला, आणि तो साधला. १८८१ सालीं ग्रिम्सबी बंदरासाठीं 'झोडिॲक' ही मुद्दाम ह्याच कामाकरितां बांधलेली वाफेची बोट निघाली. त्यानंतर शिडें हळूहळू उतरत गेलीं. वारा असो वा नसो, जाळें ओढतां येऊं लागलें. जाळें मोठें झालें, आणि तें ओढण्यासाठीं यंत्र मोठें झालें.

ह्याचा परिणाम काय झाला तें एका अलीकडच्या अभ्यासांत फार स्पष्ट दिसतें. १८८९ ते २००७ ह्या काळांतील इंग्लंड व वेल्स येथील मासळीचे जुने सरकारी आंकडे काढून संशोधकांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, तितक्याच मासेमारीच्या शक्तीमागें मिळणारी तळाची मासळी ९४ टक्क्यांनीं घटली आहे. म्हणजे शिडाच्या काळांत जेवढी मासळी एक माप शक्तीनें मिळत असे, तेवढीसाठीं आतां १७ मापें लागतात. यंत्र सुधारलें, जाळें सुधारलें. मासे मात्र मागें सरले. वाचकांनीं हा सतराचा आंकडा लक्षांत ठेवावा, पुढें त्याचें काम आहे.

वाफेची ही विद्या आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेली होती. १९२१-२२ सालीं मुंबई सरकारनें 'विल्यम कॅरिक' नांवाची वाफेची ट्रॉलर मुंबईबाहेरच्या समुद्रांत चालवून पाहिली. मासळी मिळाली नाहीं असें नाहीं; पण हिशेब जमला नाहीं आणि प्रयोग सोडून देण्यांत आला. त्याच समुद्रांत त्याच वर्षीं आपले लोक भरतीच्या ओढीवर डोली मारीत होते व त्यांच्या घरच्या चुली पेटत होत्या. पाहणीच्या अहवालांत ह्या तुलनेस कोणी महत्त्व दिलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

वाफेचें यंत्र लहान होडीच्या उपयोगाचें नव्हतेंच. बॉयलर, कोळसा, पाणी हें सामान ठेवल्यावर मासळीस जागा कोठें राहणार? रूडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें आपलें यंत्र चाचणीस लाविलें तेव्हां त्यानें इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें चौथा हिस्सा कामास लाविला. त्या काळचीं वाफेचीं यंत्रें साधारण दहावा हिस्साच कामास लावीत. हा मनुष्य १९१३ सालीं इंग्लंडला जात असतां रात्रीं बोटीवरून नाहींसा झाला व समुद्रांतच त्याचा अंत झाला. त्याचें यंत्र पुढें लहान झालें, स्वस्त झालें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या मचव्यांत येऊन बसलें. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१–५६) सरकारी कर्जें व अनुदानें मिळूं लागलीं, कोळ्यांच्या सहकारी सोसायट्यांनीं तीं आपल्या सभासदांपर्यंत पोहोंचविलीं, आणि एकेका बंदरांतून शीड नाहींसें झालें.

यंत्रानें आपलें काय भलें केलें हें प्रथम सांगणें न्यायाचें होईल, कारण जुन्या शिडांचें गुणगान करणारे बहुधा जमिनीवर राहणारे असतात. वारा पडून मचवा रात्रभर समुद्रांत अडकला म्हणजे मासळी कुजे आणि किनाऱ्यावर बायकामुलें कंदील घेऊन उभीं राहत. अवचित वादळ आलें तर शिडाच्या होडीस पळून बंदर गांठणें कठीण. मृतांसाठीं मिस्सा सांगतांना समुद्रांत गेलेल्यांचीं नांवें वाचावीं लागतात. यंत्रानें ती यादी निःसंशय आंखूड केली. ताजी मासळी पहाटेच्या बाजारास पोहोंचूं लागली. मुलांच्या हातांत वल्ह्याऐवजीं पुस्तक आलें. पहिलीं यंत्रें लहान होतीं आणि तीं फक्त जाण्यायेण्यासाठीं वापरावयाचीं; डोल मारल्यावर यंत्र बंद करावयाचें आणि पुढचें काम भरतीवर सोंपवावयाचें. यंत्राची गति आणि डोलीची काटकसर ह्यांचा तो संयोग आमच्या मतें ह्या किनाऱ्याच्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचा काळ होता.

यंत्राचा दुसरा उपयोग, म्हणजे जाळें ओढण्याचा, जोरानें सुरू झाला तो दक्षिणेस, आणि तोही आपल्याच धर्मबंधूंच्या गांवीं. १९५२ सालीं भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रें यांच्यामध्यें करार होऊन केरळांतील कोल्लमजवळ नींडकरा व शक्तिकुळंगरा ह्या गांवीं मच्छीमार सुधारणेची योजना निघाली. शक्तिकुळंगरा हें लॅटिन कॅथोलिक वस्तीचें गांव. हेतु लोकांस अधिक मासळी, चांगलें पाणी व औषधोपचार मिळावे हा होता. पण थोड्याच वर्षांत परदेशांत कोळंबीस मोठा भाव आला, आणि यंत्रें कोळंबीसाठीं समुद्राचा तळ खरवडूं लागलीं. कोळंबीच्या भावापुढें तेलाचा भाव तेव्हां नगण्य होता. १९७३ सालच्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि कांहीं महिन्यांतच खनिज तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. परंतु तोंवर बोटी बांधून झाल्या होत्या, कर्जें डोक्यावर होतीं, व कर्जदार मनुष्य बोट किनाऱ्यास लावून बसूं शकत नाहीं.

ह्याच काळांत ज्यांच्याजवळ यंत्र नव्हतें असे मच्छीमार जागे झाले. गोव्यांत रापण ओढणाऱ्या रापणकारांना मतान्ही साल्ढाणा यांनीं संघटित केलें. केरळांत फादर थॉमस कोचेरी ह्या रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंनीं आपलें आयुष्य मच्छीमारांच्या चळवळीस वाहिलें. ते २०१४ सालीं निवर्तले. १९७८ सालीं देशव्यापी संघटना उभी राहिली, १९८० सालीं गोवा व केरळ येथें आणि १९८१ सालीं महाराष्ट्रांत सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले व किनाऱ्याजवळचें पाणी लहान मच्छीमारांसाठीं राखण्याचें तत्त्व कायद्यांत आलें. कायदा कागदावर आहे आणि ट्रॉलर रात्रीं उथळ पाण्यांत येतो, ही तक्रार आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

आतां हिशेब. नावांच्या रचनेचे नॉर्वेजियन जाणकार गुल्ब्रान्डसेन यांनीं १९८६ सालीं लहान मासेमारी बोटींच्या तेलखर्चावर लिहिलें. त्यांचे आंकडे आजही आपल्या देशांतील तज्ज्ञ देतात : एक किलो मासळीमागें ट्रॉलरला ०.८ किलो तेल लागतें, तरंगत्या गुंतजाळ्यास व गळाच्या लांब दोरीस ०.१५ ते ०.२५ किलो, आणि पर्ससीनला अवघें ०.०७ किलो. ह्या शेवटच्या आंकड्यानें आपल्या मंडळींस राग येईल. ज्या पर्ससीनविरुद्ध किनारपट्टीनें इतकीं वर्षें आवाज उठविला, आणि जिच्यावर महाराष्ट्र सरकारला २०१६ सालीं निर्बंध घालावे लागले, ती तेलाच्या हिशेबांत सर्वांत स्वस्त! परंतु त्यांत विसंगति नाहीं. थव्याचा थवा एका फेरींत उचलला तर किलोमागें तेल कमीच लागणार. पुढच्या वर्षीं थवा न सांपडल्यास किती तेल जळेल, हें त्या आंकड्यांत येत नाहीं.

जगाचा विचार केला तर २००० सालीं साऱ्या पृथ्वीवरील मासेमारी बोटींनीं सुमारें ५,००० कोटी लिटर तेल जाळून सुमारें ८ कोटी टन मासळी आणली, म्हणजे टनामागें सरासरी ६२० लिटर. हा हिशेब करणाऱ्यांनीं असेंही दाखविलें कीं, मासळींतील प्रथिनांतून मनुष्याला जी ऊर्जा मिळते तिच्या साडेबारा पट ऊर्जा ती मासळी आणण्यांत जळते. भारतापुरतें पाहतां, कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें त्याच सुमारास आपल्या देशांतील यंत्रबोटी वर्षास १२२ कोटी लिटर इंधन जाळीत होत्या.

ह्या मोठ्या आंकड्यांचा आपल्या गांवाशीं संबंध कवींवरून येतो. कव मारण्याच्या जागेवरून वसई-उत्तनकडील आणि सातपाटी-डहाणूकडील बंधूंमध्यें जे वाद होतात ते वर्तमानपत्रांत येतात, सरकारी बैठका होतात, आणि सर्वसाधारणपणें त्यास हक्काचा तंटा समजलें जातें. तो हक्काचा तंटा आहेच. पण मुळांत तो अंतराचा तंटा आहे. जवळच्या पाण्यांत मासळी असती तर कोणी आपलें तेल जाळून दुसऱ्याच्या दारापुढें खुंट रोवावयास गेला नसता. डोल आजही भरतीवरच चालते, तिला ओढण्यास थेंबभर तेल लागत नाहीं. पण तिच्यापर्यंत पोहोंचण्यास तास वाढले, दोन सिलिंडरच्या यंत्राचें चार व चारचें सहा झालें. इंग्लंडचा तो सतराचा आंकडा असा आपल्या दारीं येतो. भाववाढीची भर निराळीच. डिझेलवरील कराचा परतावा सोसायट्यांमार्फत मिळतो, तो मिळेपर्यंत व्याज वाढतें; आणि मार्च २०२२ मध्यें घाऊक ग्राहकांचें डिझेल लिटरमागें एकदम सुमारें २५ रुपयांनीं चढलें तेव्हां सोसायट्यांच्या पंपावरचें तेल रस्त्यावरच्या पंपाहून महाग झालें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे.

परताव्यासाठीं अर्ज-विनंत्या करणें योग्यच आहे. परंतु जें आपल्या हातीं आहे त्याविषयींही दोन शब्द लिहितों. जड बुडाच्या बोटीस गति वाढवावयाची असेल तर लागणारी शक्ति गतीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, असा ढोबळ नियम आहे. समजा, आठ मैलांच्या गतीनें तासास दहा लिटर तेल लागतें. चोवीस मैल जाण्यास तीन तास व तीस लिटर लागतील. तेंच अंतर सात मैलांच्या गतीनें गेल्यास साडेतीन तासांस थोडीं मिनिटें कमी लागतील आणि तेल सुमारें तेवीस लिटर. अर्ध्या तासाहून कमी उशिरानें सात लिटर वांचतात, जाण्याचे निराळे व येण्याचे निराळे. तरुण नाखवे म्हणतील कीं, आधीं पोहोंचणारास भाव मिळतो. तें खरें आहे. तेव्हां सगळ्यांनीं मिळून गति कमी केली तरच कोणाचें नुकसान होणार नाहीं, आणि ही गोष्ट सोसायटीच्या सभेंत ठरण्यासारखी आहे. बुडास चिकटलेले शेवाळ व शिंपले बोटीस मागें खेंचतात. १ जून ते ३१ जुलैच्या बंदींत बोट वर असतांना तें बूड खरवडून घेण्यांत आळस करूं नये. पंखा मोठा व सावकाश फिरणारा असावा, यंत्र बोटीच्या गरजेपुरतेंच असावें. शेजाऱ्यानें सहा सिलिंडर घेतलीं म्हणून आपणही घेणें ह्यास व्यवहार म्हणत नाहींत.

आणि एक गोष्ट डोलीविषयीं, जिची मीं वर इतकी स्तुति केली. तिच्या खोळीचे आंस अतिशय बारीक असतात, आणि प्रवाहाबरोबर येणारें सर्व कांहीं तींत अडकतें, सरंग्यांची पिल्लेंसुद्धां. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. सरंग्यासाठीं ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे सुमारें सव्वापांच इंच. हंगामाच्या आरंभीं किनाऱ्यावर ह्याहून लहान सरंगे टोपल्यांनीं विकले जातात व त्यांस किंमत जवळजवळ कांहींच येत नाहीं. तीच पिल्लें दहा मैलांच्या आंत वाढलीं असतीं. त्यांच्या मोठ्या भावंडांच्या शोधांत त्याच घरचा दुसरा मुलगा गुंतजाळें घेऊन चाळीस मैल बाहेर जातो, आणि टाकी भरण्यासाठीं सोसायटीकडून उधार घेतो.